अलास्का, व्हाया कपिलधार

क्रूझ म्हटलं की डोळ्यांसमोर काय येतं? निळा स्विमिंग पूल, ग्लासात खोचलेली कागदी छत्री आणि रेलिंगपाशी ‘टायटॅनिक’ पोझ. आता तो पूल विसरा. ग्लासच्या जागी वाफाळत्या चहाचा मग ठेवा आणि पोझ देणाऱ्या कपलला कानटोपी-मफलर घाला. ही झाली थंड किनाऱ्यावरची क्रूझ. अलास्का, नॉर्वे, ग्रीनलंड वगैरे. टॅन मिळत नाही, पण फोटो जबरी येतात.

प्रॉब्लेम असा, की फोटो सगळ्याच ट्रिपचे जबरी येतात. कुठलंही ब्रोशर उघडा. बर्फाची भिंत, पाण्याबाहेर आलेली व्हेलची शेपूट, ब्लँकेट पांघरून हसणारे आजी-आजोबा. सात रात्री, चार पोर्ट, एवढे डॉलर. मग माणूस काय करतो? पोर्ट मोजतो, किंमत बघतो आणि कार्ड स्वाइप करतो. टीव्ही घेतानाही आपण यापेक्षा जास्त डोकं चालवतो.

ही चौकशी माझ्या गळ्यात पडली ती दादामुळे. दादा सिअ‍ॅटलला असतो. आई-अण्णांना अमेरिकेचा दहा वर्षांचा व्हिसा आहे. मागच्या खेपेला ते गेले ते ऐन हिवाळ्यात. तीन महिने मॉल, देऊळ आणि खिडकीबाहेरचा पाऊस एवढंच बघून परत आले. या वेळी दादानं ठरवलं, दोघांना अलास्का दाखवायचं. अण्णा झेडपीच्या शाळेतून रिटायर झालेत, वय ६७. दोन वर्षांपूर्वी त्यांची अ‍ॅन्जिओप्लास्टी झाली. त्यांनी एकच अट घातली, ‘आमच्या दोघांचं तिकीट माझ्या एफडीतून.’ म्हणजे विषय एकदम सीरियस झाला. दादानं मला तीन लिंक पाठवल्या आणि खाली लिहिलं, ‘तू जर्नालिस्ट आहेस, रिसर्च कर.’ मी स्वतः जाणार नाहीये, हे आधीच सांगून टाकते. फ्रीलान्सरचं बजेट मुंबई-गोवा क्रूझपाशीच धापा टाकायला लागतं.

आता आमचं बॅकग्राउंड. आम्ही बीडचे. कोकणातल्या माणसाच्या घरात एखादी तरी बोटीची गोष्ट असते. आजोबा बोटीनं मुंबईला आले, काका बोटीवर कामाला होते. आमच्याकडे ती सोय नाही. आमच्या गावानं नव्वदच्या दशकात मंजूर झालेल्या रेल्वेची इतकी वर्षं वाट बघितली आणि ती आली १७ सप्टेंबर २०२५ ला. आईला बोट म्हटल्यावर आठवते ती १७ जुलै १९४७ ला रेवसच्या वाटेवर बुडालेली ‘रामदास’. सहाशेहून जास्त माणसं गेली त्यात. हे तिनं कुठल्याशा दिवाळी अंकात वाचलंय. पाण्याचा आमचा डायरेक्ट अनुभव म्हणजे कपिलधारचा धबधबा.

तिकडे येतेच. आधी त्या तीन लिंक.

पहिली सिअ‍ॅटल ते सिअ‍ॅटल. दादाच्या घरापासून टॅक्सीनं बंदर, आठवड्यानं परत तिथेच, आणि तिघींत सर्वात स्वस्त. दुसरी व्हँकूवर ते व्हिटियर. ही वन-वे. उत्तरेला जाऊन उतरायचं, अँकरेजला यायचं आणि तिथून विमान पकडायचं. यात अलास्काच्या आखातातले मोठे ग्लेशियर बघायला मिळतात. तिसरी व्हँकूवरहून निघून व्हँकूवरलाच परत. या तिसरीकडे सहसा कुणाचं लक्ष जात नाही. ना ती सर्वात स्वस्त, ना सर्वात लांब जाणारी.

पुण्यातल्या एका ट्रॅव्हल एजंटकडेही चक्कर टाकली. त्यानं पहिली ढकलायचा प्रयत्न केला. ‘मॅडम, यात व्हिक्टोरिया पण आहे, म्हणजे दोन कंट्रीज कव्हर!’ व्हिक्टोरिया म्हणजे कॅनडा. बऱ्याच सिअ‍ॅटल ट्रिपमध्ये बोट तिथे संध्याकाळी लागते आणि मध्यरात्रीच्या आसपास सुटते. आपण गाव बघावं म्हणून काही ती तिथे जात नाही. अमेरिकेचा १८८६ चा एक कायदा आहे. परदेशी झेंड्याच्या बोटीला अमेरिकेच्या एका बंदरातून प्रवासी घेऊन, मध्ये परदेशी बंदराला न लागता, अमेरिकेतच आणून सोडता येत नाही. मोठ्या क्रूझ बोटी बहुतेक सगळ्या बहामा, पनामा, नेदरलँड्स अशा ठिकाणी नोंदवलेल्या. म्हणून वाटेत कॅनडाला पाय लावायचा. आणि त्या चार तासांसाठी भारतीय पासपोर्टवाल्यांना कॅनडाचा व्हिसा लागतो. ‘सिअ‍ॅटलहून गेलं की कॅनडा व्हिसाची कटकट नाही’ असं कुणी सांगितलं तर सरळ उठून या. मी आलेच.

पण रूट ठरला तो एजंटच्या एसीत नाही. तो ठरला गेल्या दिवाळीत, कपिलधारला.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. बीडपासून वीसेक किलोमीटरवर, मांजरसुंब्याजवळ, बालाघाटच्या डोंगरात ही जागा आहे. ‘परमरहस्य’ लिहिणाऱ्या मन्मथस्वामींची समाधी इथे आहे आणि कार्तिक पौर्णिमेला मोठी यात्रा भरते. लिंगायत समाजाच्या दिंड्या पायी चालत येतात. एरवी पावसाळ्यात बीडची तरुण पोरं बाइक काढून धबधब्याखाली भिजायला येतात. दिवाळीपर्यंत धार बारीक होते, पण गेल्या खेपेला पाऊस दणकून झाला होता. पाणी चांगलं पडत होतं. हवेत तो ओल्या दगडाचा वास. बीडच्या उन्हातून इथे उतरलं की नैसर्गिक एसी.

आई पायऱ्यांवरच बसली. दर्शन झालं की तिचं पर्यटन संपतं. अण्णा आणि मी धबधब्यासमोर उभे. मी मोबाइलवर तिन्ही रूटच्या पीडीएफ दाखवायला लागले. अण्णांनी चष्मा वर केला आणि विचारलं, ‘मुक्काम कुठं कुठं हाय?’

लहानपणी अण्णा आजोबांबरोबर दिंडीत यायचे. लातूरकडच्या आमच्या मूळ गावाहून कपिलधार, सहा-सात दिवसांची चाल. ते म्हणाले, ‘वाटंत गावं ढिगानं लागायची. एकाचं नाव आठवत नाही. मुक्काम मात्र सगळे आठवतेत. कुठं पाणी गोड होतं, कुठं पिठलं मिळालं, कुठं रातभर कुत्री भुकली. तुझी बोट मुक्काम किती घेती ते सांग.’

मग आम्ही तिथेच एका दगडावर बसून हिशेब केला. पोर्ट किती, हा कॉलम अण्णांनी काढूच दिला नाही. कॉलम दोनच. बोट कधी लागते, कधी सुटते. कागदावर दिमाखदार दिसणारी सिअ‍ॅटलची ट्रिप बघता बघता आक्रसली. केचिकनला सकाळी सात ते दुपारी एक. बोटीवर परतायची वेळ त्याहून अर्धा-पाऊण तास आधीची, म्हणजे हातात पाच तास. व्हिक्टोरिया अंधारात. उरलं जुनो आणि स्कॅगवे. बाकी दोन दिवस नुसता समुद्र.

समुद्रावरून आईचा मुद्दा आला. मांजरसुंब्याच्या घाटात तिला लिंबू हुंगावं लागतं. एसटीच्या खिडकीची सीट हा तिचा जन्मसिद्ध हक्क आहे. तिला उघड्या पॅसिफिकवर न्यायचं? इथे रूटमधला खरा फरक कळतो आणि ब्रोशरच्या नकाशात तो दिसत नाही. सिअ‍ॅटलहून निघणाऱ्या बोटी साधारणपणे व्हँकूवर बेटाच्या पश्चिमेकडून, म्हणजे बाहेरच्या बाजूनं, मोकळ्या महासागरातून वर जातात. व्हँकूवरहून सुटलेल्या बोटी बहुतेक वेळा बेट आणि किनारा यांच्या मधल्या चिंचोळ्या पाण्यातून जातात. दोन्हीकडे जमीन, त्यामुळे लाटा कमी. पुढे थोडा उघडा पट्टा लागतो, तो कुणालाच चुकत नाही. पण पहिली रात्र शांत जाते, आणि पहिल्यांदा बोटीत झोपणाऱ्यासाठी तेवढं फार असतं.

या आतल्या रस्त्यावर सेमोर नॅरोज नावाची खिंड आहे. भरती-ओहोटीचं पाणी तिथे इतक्या जोरात धावतं, की बोटी वेळ साधून पार होतात. खिंडीच्या मधोमध पाण्याखाली ‘रिपल रॉक’ नावाचा खडक होता. त्यानं शंभराहून जास्त जहाजं बुडवली किंवा फोडली. शेवटी ५ एप्रिल १९५८ ला कॅनडानं तळाखालून बोगदा खणून तो सुरुंगानं उडवला. अण्णांना हा किस्सा भयंकर आवडला. त्यांनी विहिरीचे सुरुंग बघितलेत. ‘पाण्याच्या खालून? कामून वरून नाही?’ वरून दोनदा करून बघितलं होतं. बोट नांगरून ड्रिलिंग करायला प्रवाहानं टिकूच दिलं नाही.

व्हँकूवरचा आणखी एक फायदा. बंदराच्या तोंडाशी लायन्स गेट ब्रिज आहे. त्याच्या खालून अगदी उंच, सात-आठ मजली मॉल डोक्यावर घेतल्यासारख्या बोटी जाऊ शकत नाहीत. त्या सिअ‍ॅटलला जातात. गो-कार्ट ट्रॅक आणि लेझर टॅग हवा असेल तर सिअ‍ॅटल. आपलं गिऱ्हाईक वेगळं होतं.

आता ग्लेशियर. अलास्काला जायचं ते त्यासाठी, आणि इथे ‘ग्लेशियर व्ह्यूइंग’ एवढ्या दोन शब्दांवर समाधान मानू नका. कुठला ग्लेशियर, हे विचाराच. ग्लेशियर बे हा नॅशनल पार्क आहे आणि तिथे दिवसाला जास्तीत जास्त दोन मोठ्या क्रूझ बोटी सोडतात. परमिट मोजक्या कंपन्यांकडे. सिअ‍ॅटलच्याही काही बोटींना ते आहे, त्यामुळे शहरावर जाऊ नका, त्या तारखेच्या प्रवासात ‘ग्लेशियर बे’ हे नाव छापलंय का ते बघा. बोट तिथे कुठेही लागत नाही, कुणी उतरत नाही. पार्कचे रेंजरच बोटीवर चढतात, माहिती सांगतात, आणि दिवसाचा मोठा भाग बोट आतच फिरते. ग्लेशियरसमोर उभी राहते, सावकाश गोल वळते. डावी बाजू की उजवी, या वादात पैसे घालायचं कारण नाही. सगळ्यांना दिसतं.

त्या खाडीची गोष्ट ऐका. १७९४ मध्ये कॅप्टन व्हँकूवरच्या मोहिमेतले लोक तिथे पोचले, तेव्हा आत जायला खाडीच नव्हती. तोंडाशीच बर्फाची भिंत. आज बोट शंभर किलोमीटर आत जाते, तेव्हा बर्फ भेटतो. म्हणजे तुम्ही ज्या पाण्यावर चहा पीत उभे असाल, तिथे सव्वादोनशे वर्षांपूर्वी नुसता बर्फ होता. त्याच्या आधी तिथे हूना त्लिंगित लोकांची गावं होती. बर्फ पुढे सरकत आला आणि त्यांना घरदार सोडून निघावं लागलं. ते गेले, मग बर्फही गेला.

दुसऱ्या लिंकमध्ये काही तारखांना ग्लेशियर बे होता, काहींना हबर्ड. हबर्ड १२० किलोमीटरहून लांब, पाण्याकडचा चेहरा दहाएक किलोमीटर रुंद, आणि बहुतेक ग्लेशियर मागे हटत असताना हा चक्क पुढे येतोय. मला तो फार मोहात पाडत होता. पण वन-वे म्हणजे शेवटच्या दिवशी सामान घेऊन बस, मग एअरपोर्ट, मग विमान. अण्णांच्या हृदयाला एवढी पळापळ कशाला? तिसरा प्रकार ट्रेसी आर्म, जुनोच्या दक्षिणेची अरुंद खाडी. तिथे १० ऑगस्ट २०२५ ला डोंगराचा प्रचंड कडा कोसळला आणि त्सुनामी उठली. पहाटेची वेळ, सुदैवानं मोठी बोट आत नव्हती. त्यानंतर कंपन्या शेजारच्या एन्डिकॉट आर्मकडे वळल्या. तिथला डॉज ग्लेशियरही देखणाच आहे, पण जुन्या ब्रोशरमध्ये ट्रेसी आर्म दिसलं तर एजंटला तारीख विचारा.

आता माझी स्वतःची निवड विचाराल, तर अलास्का नाही. नॉर्वे! बर्गेनहून किर्केनेस आणि परत, बारा दिवस, ३४ बंदरं. १८९३ पासून चालू असलेली टपालाची बोट. हुर्टिगरुटेन कंपनीच्या आणि २०२१ पासून हाविलाच्याही बोटी या मार्गावर आहेत. कॅसिनो नाही, शो नाही. गावकरी चढतात-उतरतात, माल उतरतो, मध्यरात्री एखाद्या बंदरात पंधरा मिनिटं थांबून बोट पुढे जाते. आपली एसटीच, फक्त समुद्रावरची. तिशीच्या आतल्या माणसानं पैसे साठवून जावं तर इथे. मी जाणारच. पण अण्णांच्या मुक्काम-टेस्टमध्ये ती सपशेल नापास. आणि हुस्टाडविका नावाचा एक उघडा, खडकाळ पट्टा त्या वाटेवर आहे. मार्च २०१९ मध्ये ‘वायकिंग स्काय’ नावाच्या क्रूझ बोटीची इंजिनं तिथे वादळात बंद पडली होती. वंगणाची पातळी कमी, वर हेलकावे. बोटीवर १३७३ माणसं. साडेचारशेहून जास्त लोकांना हेलिकॉप्टरनं एकेक करून उचललं. सगळे वाचले. हे मी आईसमोर बोलले नाही. एक ‘रामदास’ पुरे.

तर फायनल काय? व्हँकूवर ते व्हँकूवर, सात रात्री, ग्लेशियर बे, जुनो, स्कॅगवे, केचिकन. सिअ‍ॅटलहून व्हँकूवर गाडीनं तीनेक तास, बॉर्डरवरची रांग वेगळी. दादा-वहिनी सोबत आहेत. जुनोला आणि स्कॅगवेला बोट सकाळी लागते ती रात्रीपर्यंत, म्हणजे अण्णांच्या भाषेत दोन पक्के मुक्काम. जुनोला बाहेरून एकही रस्ता जात नाही. राज्याची राजधानी, आणि यायचं तर बोटीनं किंवा विमानानं! तिथून मेंडेनहॉल ग्लेशियर जेमतेम वीस किलोमीटर, बस दारात जाते. स्कॅगवेला १८९८ ते १९०० मध्ये सोन्याच्या गर्दीसाठी बांधलेली नॅरोगेज रेल्वे आहे, ती डोंगर चढवते. गुडघेवाल्यांसाठी बेस्ट. आणि रेल्वेचं अप्रूप आमच्याइतकं कुणाला असणार?

केचिकनला पाऊस. वर्षाला साडेतीन हजार मिलिमीटरच्या वर. आमच्या बीडला चांगल्या वर्षी सातशेच्या आत-बाहेर. हा आकडा सांगितल्यावर अण्णा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, ‘तिथलं अर्धं दिलं असतं तर ऊसतोडीला गेली नसती माणसं.’ पायऱ्यांवरून आईनं हाक मारली, जेवायची वेळ झाली होती.

महिना मे. अलास्काच्या या भागात एप्रिल ते जून त्यातल्या त्यात कोरडे. डोंगरांवर बर्फ भरपूर, गर्दी कमी, दरही जुलैपेक्षा बरे. नदीत उड्या मारणारे सामन आणि त्यांना पकडणारी अस्वलं हवी असतील तर मात्र जुलै-ऑगस्ट. दुपारी बारा-चौदा डिग्री, ग्लेशियरसमोर वारा सुटला की बरंच कमी. बीडचं ४२ सोडून तिथे जायचं. एक जाड कोट घेण्यापेक्षा तीन पातळ थर आणि वर वॉटरप्रूफ जॅकेट. सुती बनियनवर विसंबू नका, भिजलं की वाळत नाही.

केबिनसाठी दादाला बाल्कनी हवी होती. मी व्हेटो वापरला. ज्याला बोट लागते त्यानं खालच्या मजल्यावर, बोटीच्या मधोमध राहावं. झोका तिथे सर्वात कमी. तिथे बाल्कनी नसते, गोल किंवा चौकोनी खिडकी असते. वाचलेले पैसे इन्शुरन्सकडे वळवले. तो घेताना ‘आधीपासूनचा आजार’ कव्हर आहे का आणि हेलिकॉप्टरनं हलवायचा खर्च धरलाय का, हे दोन प्रश्न लेखी विचारा. बोटीवर डॉक्टर असतो, पण त्याचं बिल डॉलरमध्ये येतं. अण्णांच्या कार्डिओलॉजिस्टना रूटचा नकाशाच नेऊन दाखवला. त्यांनी जुनोवर बोट ठेवून विचारलं, इथे हॉस्पिटल आहे का? आहे. मग त्यांनी हो म्हटलं आणि आईला उलटीची गोळी आमच्या फॅमिली डॉक्टरांना विचारूनच द्यायला सांगितलं.

तिकिटाशिवाय टिप वेगळी पडते. बहुतेक कंपन्या माणशी दिवसाला १५ ते २० डॉलर आपोआप बिलात लावतात, म्हणजे दोघांचे आठवड्याला २१० ते २८०. हे आधीच बजेटमध्ये धरा, शेवटच्या दिवशी रिसेप्शनवर वाद घालायला लागू नये. अमेरिकेचा व्हिसा मल्टिपल एन्ट्री आहे ना, तेही बघा. बोट व्हँकूवर सोडते तेव्हा तुम्ही परत अमेरिकेत शिरत असता. कॅनडाच्या व्हिसासाठी आई-अण्णा बोटांचे ठसे देऊन आले. आईचे ठसे मशिनला तीनदा उमटेनात. भाकऱ्या थापून थापून गेले असतील, असं तिनंच त्या मुलीला समजावलं.

शाकाहारी जेवणाचं बुकिंगच्या वेळीच कळवायचं, भारतीय भाजी-डाळ बहुतेक बोटींवर मिळते. घरचा डबा मात्र बोटीवर चढू देत नाहीत, चालतं ते कंपनीचं सीलबंद पाकीट. त्यामुळे शेंगदाण्याच्या चटणीचा प्रश्न सध्या पेंडिंग आहे. आई म्हणते, घरी पाकीट इस्त्रीनं चिकटवलं तर कुणाला कळतंय?